नळीतला छर्रा

टर्बोचं काम करणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. शिट्टी का वाजते, आणि वाजत नाही म्हणजे बिघडलाय का. भोरच्या एका निवृत्त गुरुजींनी नवी गाडी घेतल्यावर आठवड्यात तीनदा माझ्याकडे आणली. "टर्बो आहे म्हणून सांगितलं, पण मला तर काही ऐकू येत नाही. फसवलं का हो मला?" शेवटी मी बॉनेट उघडलं, गुरुजींचा हात धरून गार टर्बोवर ठेवला, तेव्हा त्यांचा विश्वास बसला. तरी जाताना म्हणालेच, "पण वाजायला हवा होता."

माझं नाव दस्तगीर. घर भोरला, गॅरेज मार्गासनीला, वेल्ह्याच्या रस्त्याला लागून. बत्तीस वर्षं डिझेल गाड्यांखाली पाठ टेकली. त्यातली शेवटची पंधरा-सोळा बहुतेक टर्बोतच गेली, कारण डोंगरात चालणाऱ्या गाडीचा जीव तिथं अडकलेला असतो. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि मी शटर ओढलं. एका दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काही लिहा असा निरोप आला तेव्हा बायको हसली. म्हणाली, "किराणाची यादी लिहायची तर पेन माझ्या हातात देता, आणि तुम्ही लेख लिहिणार?" तिचं खरं आहे. तरी बसलोय.

आधी टर्बो म्हणजे काय ते सांगतो. इंजिनात डिझेल जळतं, धूर होतो. तो धूर गरम असतो आणि जोरात असतो. साध्या गाडीत तो सायलेन्सरमधून फुकट जातो. टर्बोवाल्या गाडीत त्याच्या वाटेवर पात्यांचं एक चाक बसवलेलं असतं. धूर जाता जाता ते फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त म्हणून डिझेल जास्त जळतं, म्हणून ओढ जास्त. दोन्ही चाकं मिळून तळहातावर मावतील एवढी, पण मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात, आणि तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगत.

यात एक घोळ आहे. हवा जास्त गेली की धूर जास्त. धूर जास्त झाला की चाक आणखी जोरात. चाक जोरात फिरलं की हवा आणखी जास्त. कुणी आवरलं नाही तर हे थांबायचं नाव घेत नाही. म्हणून धुराच्या वाटेवर, चाकाच्या जरा अलीकडे, रुपयाएवढी एक झडप ठेवलेली असते. तिचं कंपनीचं नाव वेस्टगेट, आमच्याकडे तिला खिडकी म्हणतात. खिडकी उघडली की थोडा धूर चाकाला न शिवता आडवाटेनं सरळ सायलेन्सरला जातो आणि चाकाचा वेग ताब्यात राहतो.

खिडकी उघडतं कोण? टर्बोच्या अंगाला एक पत्र्याची डबी असते. तिच्यात रबरी पडदा आणि स्प्रिंग, आणि तिच्यातून निघालेली एक काडी खिडकीच्या कडीला जोडलेली. टर्बोनं कोंबलेल्या हवेतलीच थोडी हवा करंगळीएवढ्या रबरी नळीतून या डबीत येते. हवेचा दाब स्प्रिंगला भारी पडला की पडदा सरकतो, काडी पुढे ढकलली जाते, खिडकी उघडते. म्हणजे टर्बो स्वतःच स्वतःला आवरतो. माणसांत हे कमी बघायला मिळतं. लोक मला विचारायचे, म्हणजे कुकरची शिट्टी का? मी म्हणायचो, भाटघरचं धरण बघितलंय ना, मग सांडवा म्हणा. पाणी वाया जातं म्हणून कुणी सांडवा बुजवत नाही.

खिडकी दोन प्रकारे रुसते. एक म्हणजे गंजून उघडीच राहते. मग धूर सगळा आडवाटेनं पळतो, चाक फिरत नाही, गाडी म्हातारी होते. वेल्ह्याच्या एका जीपवाल्याचं असं झालं होतं. त्यानं तीन आठवडे लिंबू-मिरच्या बांधल्या, देवीला नारळ बोलला, एका जाणत्याकडून अंगारा आणून बॉनेटला लावला. माझ्याकडे आला तेव्हा मी काडीच्या कडीवर तेल सोडलं आणि हातोडीचे दोन हलके ठोके दिले. गाडी उड्या मारायला लागली. त्यानं त्याच दिवशी जाऊन देवीला नारळ फोडला. माझ्या हातोडीला कुणी खोबऱ्याचा तुकडाही दाखवला नाही.

दुसरा प्रकार खिडकी न उघडण्याचा. हा आपोआप क्वचितच होतो. आमच्या भागात तो मुद्दाम करतात, आणि करायला मी शिकवला.

हायवेवर एका ट्रकवाल्याकडून मी ही युक्ती उचलली होती. डबीला जाणारी ती रबरी नळी काढायची, सायकलच्या चाकातला एक छर्रा तिच्यात दाबून बसवायचा, नळी परत लावायची. झालं. हवा डबीपर्यंत पोचत नाही, पडदा हलत नाही, खिडकी मिटलेली ती मिटलेलीच. सगळाच्या सगळा धूर चाकावर. पोती भरलेली पिकअप जी चढण पहिल्या गिअरात कण्हत चढायची, ती दुसऱ्यात चढते. नव्या गाड्यांना हे चालत नाही, त्यांच्यातला कॉम्प्युटर लगेच दिवा लावून चुगली करतो. जुन्या पिकअप भोळ्या. त्यांना छर्रा कळत नाही.

एका खेपेला काही होत नाही. दहा खेपांना होत नाही. त्यामुळे लोकांना वाटतं, काही होतच नाही. मला माहीत होतं, की हे बरोबर नाही. म्हणून मी माझी एक पद्धत ठेवली होती. छर्रा टाकला की त्या नळीची मूळ क्लिप माझ्याकडे गहाण. नळीला तात्पुरती तार बांधून द्यायची आणि क्लिप गॅरेजातल्या फळीवर खिळ्याला टांगायची, खाली खडूनं गाडीवाल्याचं नाव. खेप झाली की यायचं, छर्रा काढायचा, क्लिप घेऊन जायची. फळीकडे बघितलं की कोण बाकी आहे ते कळायचं. मला या पद्धतीचा अभिमान होता. आलेल्या माणसाला मी ती फळी दाखवायचो.

अभिमान होता म्हणूनच तिच्याकडे रोज बघायचं मी सोडून दिलं.

चार वर्षांपूर्वीचे लावणीचे दिवस. पासलीचा सुदाम म्हणून एक पिकअपवाला होता, चाळिशीचा, बोलायला गोड. खताची पोती वर न्यायची होती.

"मिस्त्री, येक डाव छर्रा टाका. पासलीची चढन चढंना बगा. पोती हायेत."

"सुदाम, सांजच्याला काढून घेऊन जायचं. क्लिप हितं ऱ्हाईल."

"व्हय व्हय. सांजच्याला हितंच हाय म्या."

त्या संध्याकाळी तो आला नाही. दोन दिवसांनी रस्त्यात दिसला, हात करून म्हणाला, "गाडी घोड्यावानी पळतीया मिस्त्री!" आणि गेला. मी हसलो. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

पुढे दहाएक दिवस गेले असतील. सकाळी नऊच्या सुमाराला नसरापूरकडचा एक गाडीवाला आपली पिकअप दुसऱ्या गाडीला बांधून ओढत घेऊन आला. माणूस पांढराफटक पडला होता.

"चावी काढली, हातात घेतली, तरी गाडी बंद व्हईना," तो म्हणाला. "नुसती वरडत हुती. मागं धूर असा, की रस्ता दिसंना."

सपाटीवर होता म्हणून वाचला. चौथा गिअर टाकला, ब्रेकवर उभा राहिला आणि क्लच सोडला, तेव्हा कुठे इंजिन गुदमरून मेलं. मी टर्बो उतरवला. दांडा बोटानं हलत होता. हवेच्या पाइपात तेल, वाटीभर. आणि त्या करंगळीएवढ्या नळीत माझा छर्रा.

काय झालं होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. खिडकी उघडत नव्हती म्हणून चाक झेपेल त्याच्या पलीकडे फिरत राहिलं. दांडा ज्यांत फिरतो ती घरं झिजली. दांडा डुलायला लागला, तेल अडवणारी सीलं गेली, आणि इंजिनाचं तेल हवेच्या वाटेनं इंजिनात शिरायला लागलं. डिझेल इंजिन तेलावरही चालतं. चावीनं आपण डिझेल बंद करतो, पण हे डिझेल नव्हतंच. ते आपलंच तेल पीत होतं, जितकं पिईल तितकं जोरात फिरत होतं आणि तितकं आणखी पीत होतं. अशा इंजिनाला तेल संपेपर्यंत किंवा फुटेपर्यंत चावी, गिअर, देव, कुणाचंही ऐकायचं कारण नसतं.

मी हात पुसले आणि फळीकडे बघितलं. आठ क्लिपा होत्या. मला वाटत होतं तीन-चार असतील. ही एक धरून आठ. त्यांत एक सुदामची, खालचा खडू निम्मा पुसलेला.

बाकीच्यांच्या गाड्यांत माल असायचा. सुदामच्या गाडीत माणसं. लावणीच्या दिवसांत तो बायकांना शेतावर पोचवायचं काम करायचा, हे मला ठाऊक होतं. आणि वाट कुठली, तर वेल्ह्याच्या वरची चढण. मी त्याला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तेवढ्यात वेल्ह्याहून येणारी एसटी समोर थांबली. ड्रायव्हर ओळखीचा. मी रस्त्यातूनच ओरडून विचारलं, सुदाम दिसला का.

"बाजारात हाय की," तो म्हणाला. "बायका भरतोय. भनीच्या शेतात इर्जिक हाय न्हवं त्येच्या."

इर्जिक म्हणजे गावानं एकमेकांच्या शेतात बिनमजुरीनं राबायचं. आज याची लावणी, उद्या त्याची, आणि ज्याचं शेत त्यानं त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं. म्हणजे गाडी गच्च भरलेली असणार.

मी मोटरसायकल काढली. खिशात पाना, पक्कड आणि सुदामची क्लिप. क्लिप कशाला घेतली ते मला अजून कळलेलं नाही. रस्ता ओला, खड्ड्यांत पाणी, आणि वर जावं तसं धुकं दाट. बाजारात पोचलो तर चहावाला म्हणाला, "आत्ता गेला. चहा अर्धा टाकून उठला बगा." मी गाडी थांबवलीसुद्धा नाही. वेल्ह्याच्या पुढे दहा पावलांपलीकडचं दिसेना. मी डोळ्यांचा नाद सोडला आणि नाकावर चाललो. जळक्या तेलाला एक वास असतो, करपलेल्या फोडणीपेक्षा जड, घशात बसणारा. तो मला दुसऱ्या वळणावर लागला. तिथून पुढे समोर धुकं किती आणि धूर किती हे मला सांगता येईना. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. तोंडानं काय काय पुटपुटत होतो, अल्लाचं नाव होतं आणि वेल्ह्याच्या मेंगाईदेवीचंही असावं.

मग आवाज आला. इंजिनाचा आवाज मी ओळखतो, पण हा इंजिनाचा वाटत नव्हता. एकसारखी, चढत जाणारी किंकाळी.

वळण घेतलं आणि पिकअप दिसली. चढणीवर उभी, तोंड वर, मागची बाजू उताराकडे. उताराला रस्ता वळत होता आणि वळणाच्या कडेला काही नव्हतं, खाली दरी. सुदाम आत बसलेला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ब्रेकवर जवळजवळ उभा. हँडब्रेक त्या चढणीला पुरत नव्हता. त्यानंही वरचा गिअर टाकून क्लच सोडून बघितला होता, पण क्लच जळून गेला होता आणि इंजिन किंचाळतच होतं. चावी त्यानं काढून दातांत धरली होती. ब्रेकवरचा पाय उचलला तर गाडी मागं, आणि नाही उचलला तर पुढ्यात ते इंजिन कधी फुटेल याचा नेम नाही.

मागं आठ बायका, भाताच्या रोपांच्या मुठी, जेवणाची भांडी. फाळका दोरीनं बांधलेला आणि ओल्या दोरीची गाठ सुटत नव्हती. सुदामची चुलती हौसाबाई, साठीच्या पुढची, ती फाळक्यावरून आधीच खाली उतरली होती आणि एकेकीला बखोटीला धरून उतरवत होती. रडारड चालली होती. ती कुणाच्या रडण्याकडे बघत नव्हती.

"मावशी, चाकामागं दगड!" मी ओरडलो.

"लावल्यात दोन. आनिक लाव तू!"

मी लावले. शेवटची बाई उतरली तेव्हा हौसाबाईनं सगळ्यांना डोंगराच्या अंगाला पिटाळलं. मी सुदामला खिडकीतून म्हणालो, पाय उचलू नकोस. त्यानं मान हलवली. चावी दातांत, डोळ्यांतून पाणी.

आता उपाय एकच होता. तेल बंद करता येत नाही, पण हवा बंद करता येते. हवा तोडली की काहीच जळत नाही. हवा आत घेणारं तोंड बॉनेटखाली पुढच्या बाजूला असतं, मनगटाएवढं. त्याला कधी हात लावायचा नाही. फडकं लावायचं नाही, ते आत ओढलं जातं. काहीतरी सपाट, कडक पाहिजे. मी आजूबाजूला बघतोय, आणि डोक्यात काही येत नाही. तीस वर्षं ज्या हातांना बघायला लागत नव्हतं, ते हात नुसते हवेत.

"काय पायजे?" हौसाबाईनं विचारलं.

"झाकण. ताट. ताट द्या!"

इर्जिकीच्या जेवणाची ताटं गोणपाटात बांधलेली होती. तिनं गोणपाट फाडलं आणि एक स्टीलचं ताट माझ्या हातात दिलं. मी बॉनेट वर केलं. गरम तेलाचा धूर तोंडावर आला. ताट त्या तोंडाजवळ नेलं आणि ते माझ्या हातातून खेचलं गेलं, खाडकन चिकटलं, मधोमध आत दबलं. इंजिनाचा आवाज उतरला. मला वाटलं, सुटलो. पण ताटाच्या कडेनं, जिथं तोंड आणि पत्रा बसत नव्हता तिथून, हवा शिट्टी मारत आत जात होती, आणि आवाज पुन्हा चढायला लागला.

मी दोन्ही तळहात ताटावर दाबून उभा होतो. हात सोडता येत नव्हता. माझ्या छातीपासून दीड हातावर ते इंजिन होतं आणि ते आता थरथरत होतं.

हौसाबाई वाकली. रस्त्याच्या कडेचा चिखल दोन्ही हातांनी उचलला आणि बांधाचं भोक बुजवावं तसा ताटाच्या कडेनं थापत गेली. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. अंगठ्यानं दाबायची, वरून दुसरा थर द्यायची. जिथं शिट्टी वाजेल तिथं तिचा हात. मी ओरडलो, मावशी मागं व्हा. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. चौथ्या की पाचव्या ओंजळीला इंजिन अडखळलं. एकदा खोकलं. गाडी आडवीतिडवी हलली, दगडांवर चाकं घासली आणि मग काही नाही. नुसतं तेल ठिबकत होतं.

सुदामचा पाय ब्रेकवरून उचलेना. दोन बायकांनी धरून त्याला खाली घेतला.

सगळ्या माझ्याभोवती जमल्या. कुणी पदरानं माझं तोंड पुसलं. एक म्हणाली, "देवावानी आलास रं बाबा." दुसरीनं माझ्या पायाला हात लावायला वाकायला सुरुवात केली आणि मी मागे सरलो. सुदाम माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत एकच विनवणी होती, बोलू नका. पुन्हा एकही बाई त्याच्या गाडीत बसली नसती. आणि माझ्या तोंडात काय होतं ते पण सांगतो. मी खरंच गप्प बसणार होतो. आभार कानाला गोड लागतात आणि माणूस तीस वर्षं काळ्या हातांनी काम केल्यावर ते ऐकायला भुकेला असतो.

पण ती बाई पुन्हा पायाशी वाकली, तेव्हा मला राहवलं नाही. मी बॉनेटखाली हात घातला, तार तोडली, नळी काढली आणि तळहातावर आपटली. छर्रा पडला. मी हात पुढे केला.

"ह्यो म्या घातला हुता," मी म्हणालो. "ह्येच्यामुळं झालं. सुदामनं मागितला, म्या घातला. मला म्हाईत हुतं ह्येनं काय हुतंय ते."

माझ्या तोंडावरनं पदर फिरवणारी बाई दोन पावलं मागं गेली. सुदामनं मान खाली घातली. हौसाबाईनं चिखलाच्या हातानं तो छर्रा उचलला, बोटांत फिरवला, वास घेतला.

"एवढ्याशानं?"

"व्हय."

"आनि कितीजनांच्या गाडीत घातलंयस?"

मी मनात फळीवरच्या क्लिपा मोजल्या. "सा," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मग हितं काय हुबा हायेस?" ती म्हणाली.

मी निघालो. मागं वळून बघितलं तेव्हा बायका रोपांच्या मुठी डोक्यावर घेऊन चढण चढायला लागल्या होत्या. लावणी थांबत नाही. हौसाबाई सगळ्यांत पुढे होती.

त्या दिवशी दुपारपर्यंत मी तीन गाड्या गाठल्या. एक मार्गासनीतच होती, एक वेल्ह्याच्या बाजारात उभी, एक शेतात चिखलात रुतलेली, तिच्या खाली झोपून मी छर्रा काढला. एका गाडीवाल्यानं शिव्या दिल्या, ओढ गेली म्हणून. मी ऐकून घेतल्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. फळीवर एकच क्लिप उरली.

त्या गाडीच्या मालकानं दोन महिन्यांपूर्वीच गाडी विकून टाकली होती, एका एजंटाला. एजंटानं भोरमध्ये कुणाला दिली. त्यानं पुढे घाटाखाली. महाडपर्यंत माग लागला आणि तिथं तुटला. कागदावरचा माणूस पत्त्यावर नव्हता. मी तीनदा महाडला जाऊन आलो. वरंध घाटात वळणावर उभं राहून चढणाऱ्या पिकअप बघितल्या. पोती भरलेली असून एखादी फार हलकी चढताना दिसली की मी हात करून थांबवतो, बॉनेट उघडा म्हणतो. लोकांना वाटतं म्हातारा लिफ्ट मागतोय, किंवा डोक्यावर परिणाम झालाय. एकानं तर पोलिसांना फोन करीन म्हणून सांगितलं. मी म्हटलं, कर, पण आधी बॉनेट उघड. त्यानं उघडलं. त्यात छर्रा नव्हता.

त्या इर्जिकीच्या दिवसानंतर मी एकाही गाडीत छर्रा टाकला नाही. काही गिऱ्हाइकं तुटली, ती दुसरीकडे जाऊन टाकून घ्यायला लागली. युक्ती शिकवायला सोपी असते, परत घ्यायला मात्र कुणाला बोलवावं ते कळत नाही. सुदामनं पिकअप विकली, आता तो वेल्ह्यात चक्की चालवतो. भेटला की बोलतो. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. हौसाबाई दोनदा भेटली, दोन्ही वेळा तिनं एकच विचारलं, "घावली का?" दोन्ही वेळा मी नाही म्हणालो.

म्हणून हा लेख. बायकोला मी हेच सांगितलं, मला लिहिता येत नसलं तरी हे छापून आलं तर लांबपर्यंत जाईल, मी एकटा मोटरसायकलवर किती फिरणार.

गाडी पांढरी पिकअप आहे, जुन्या बनावटीची. डावं दार दुसऱ्या गाडीचं बसवलेलं, करड्या रंगाचं, नीट लागत नाही, दोनदा आपटावं लागतं. मागच्या फाळक्याला गवताच्या पेंढ्या बांधायला दोन लोखंडी हुक वेल्ड केलेत. आता रंग बदलला असेल, दार बदललं असेल, टर्बो बदलला तरी नळी बहुधा जुनीच असेल, आणि हुक तर कुणी मुद्दाम काढत नाही. अशी गाडी तुमच्या गावात असेल, तुमच्या दुकानाला माल आणत असेल, तुमच्या पोरांना जत्रेला घेऊन जात असेल, तर आधी तिच्यातली माणसं उतरवा. इंजिन गार होऊ द्या. बॉनेट उघडा. टर्बोच्या अंगाची पत्र्याची डबी शोधा आणि तिला जोडलेली करंगळीएवढी काळी नळी ओढून काढा. दोन्ही तोंडांनी आलटून पालटून तळहातावर आपटा. काही पडलं नाही तर नळी परत लावा आणि भोरच्या म्हाताऱ्याला खुशाल हसा.

छर्रा पडला, तर तो माझा आहे.